मानाच्या पिना

आमच्या घराण्यात स्वस्थ बसता न येणारी माणसं दोन. एक मी आणि दुसरे माझे वडील. आई म्हणायची, तुम्हा दोघांच्या पायाला भिंगरी आहे, फक्त ह्यांची शेतात फिरते आणि हिची गावभर. आई गेली, आणि गेल्या वर्षी आबांची भिंगरी अर्धांगाच्या झटक्यानं एकदम थांबली.

वाचले. बोलणं परत आलं, आणि आधीपेक्षा जास्तच आलं. काठी घेऊन चालायला लागले. उजवा हात तेवढा खांद्यापासून लोंबत राहिला, दुसऱ्याच कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. बारामतीत रोज व्यायाम करून घेणारे डॉक्टर मिळतील म्हणून मी त्यांना सणसरहून माझ्याकडे आणलं. आमच्या गच्चीवर ते सकाळ-संध्याकाळ येरझाऱ्या घालायचे. काठीची टकटक खाली स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता त्या टकटकीच्या तालावर चिडत राहायचे. चीड त्यांची नव्हती. त्या पिंजऱ्यात मीही होते.

त्यांना सणसरला जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. लेकीच्या घरी बाप किती दिवस राहणार, हे त्यांचं रोजचं पालुपद. माझा धाकटा भाऊ शेती बघतो. आबा त्याला फोन लावून आधी विचारायचे, पाटाला पाणी आलं का, आपली पाळी कधी, उसाला खत घातलं का. आणि शेवटी विचारायचे, मला न्यायला कधी येतोस? भाऊ म्हणायचा, "आबा, हाताला जरा जोर येऊ द्या. हितं आलासा की तुमी ऐकणार न्हाय, पाटावर जाणार, आन् पडणार. आता तुमी फकस्त बसा."

त्याची भीती खोटी नव्हती, तेच तर अवघड होतं. पण ‘तुमी फकस्त बसा’ हे वाक्य आता सगळेच म्हणायला लागले होते. पाहुणे आले की खुर्ची पुढं, चहा हातात, बसा. लग्नाला गेलो तर पहिल्या रांगेत कोच, बसा. आबांचे एक शाळासोबती आहेत, सोमेश्वरनगरला असतात, कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पूर्वी त्यांचा फोन आला की सुरुवातच असायची, "काय लेका, मेलास का जित्ता हाईस?" आजारपणानंतर त्यांचा फोन आला तो असा : "आबा, कसं काय आपलं? तब्येतीला जपा." आबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तात्या मला अहोजाहो करतोय. म्हंजी माझं काय खरं न्हाय."

अशात माझ्या धाकट्या लेकीचा वाढदिवस आला. इंदापूर रोडला एक नवं गेमझोन झालं आहे, उड्या मारायची जाळी, व्हिडिओ गेम आणि बॉलिंगच्या दोन पट्ट्या. पोरं खेळत होती, आबा साहजिकच खुर्चीवर बसले होते. मी केक कापायच्या सुरीसाठी धावपळ करत होते. मागं वळून बघते तर आबा पट्टीच्या तोंडाशी उभे, काठी बगलेत, डाव्या हातात सगळ्यात हलका गोळा. मी ओरडायच्या आत त्यांनी तो सोडला. गोळा रमत-गमत गेला, मध्येच कडेच्या गटारीकडे झुकला आणि जाता जाता कोपऱ्यातली एक पिन पाडून गेला.

"पडली," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी डोक्यात किडा वळवळला.

माझ्या डोक्यात किडा वळवळला की माझा नवरा घरातून बाहेर पडायची कारणं शोधतो. या वेळी त्याला कारण सापडेपर्यंत माझा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला होता. रविवारी सकाळी पट्ट्या रिकाम्या असतात, मालक खूश. प्रत्येक संघात तिघं : एक बरा खेळणारा, एक मध्यम आणि एक ज्याला गोळा कुठल्या बाजूनं धरायचा हेही ठाऊक नाही. माझ्या विमा कार्यालयातले लोक आले, शेजारच्या दंतवैद्य बाई आल्या, कोऱ्हाळ्याचे दोन बागायतदार आले, आणि तात्या आले. तात्यांना मीच गळ घातली होती. त्यांनी ‘आबांसाठी येतो’ असं म्हटल्यावर मला राग आला, पण मी तो गिळला.

आमच्या भागात चार माणसं एकत्र आली की पॅनेल होतं. मी चिठ्ठ्या टाकून संघ पाडायला निघाले, तर कोऱ्हाळेकर म्हणाले, आमी एकाच पॅनेलमधून उभं ऱ्हाणार. मी ठाम राहिले. मग एकानं गंभीरपणे विचारलं, "बरं, चिन्ह काय?" झालं. कपबशी, विमान, छत्री, शिट्टी अशी संघांची नावं पडली. दंतवैद्य बाई, माझ्या कार्यालयातला एक उंचपुरा तरुण आणि आबा आमच्या कपबशीत आले. तात्या विमानात.

बुटांवरून अर्धा तास गेला. तिथले बूट घालावे लागतात, आणि दुसऱ्याच्या घामाचे बूट घालायला कुणी तयार होईना. मोजे घरून आणायचे ठरलं. तोपर्यंत मी तीन वेळा घड्याळ बघितलं आणि पाच वेळा दार. सोमेश्वरनगरकडून येणारे उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेले असायचे. आले तरी खात्री नाही. एकदा ऐन खेळात एका बागायतदाराचा फोन वाजला, तो म्हणाला, "लाईट आली," आणि गोळा हातात घेऊनच दाराकडे निघाला. शेतीची लाईट येते तेव्हा येते, मोटार चालू करायलाच हवी, तिथं बॉलिंगचं काय! गोळा मी जिन्यात अडवून घेतला. मग नियम केला : लाईट आली तर बदली खेळाडू चालेल.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. सगळ्या दर्जाचे लोक एकत्र खेळायचे तर कच्च्या खेळाडूच्या खात्यात सुरुवातीलाच काही पिना जादा टाकाव्या लागतात, म्हणजे सामना शेवटपर्यंत जिवंत राहतो. जगभर असंच करतात. मी फळ्यावर लिहून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि जादा पिना घ्यायला एकही माणूस पुढं आला नाही.

"आमी काय लिंबूटिंबू हाय व्हय?" तात्या म्हणाले. लहानपणी खेळात छोट्या भावंडाला घ्यावं लागायचं, त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बाद व्हायचा नाही, तो लिंबूटिंबू. मोठ्या माणसाला ते म्हणणं म्हणजे तोंडात मारणं. दंतवैद्य बाईंचे सगळेच गोळे गटारीत गेले होते, तरी त्या म्हणाल्या, फुकटचं मला नको. पहिला रविवार असा गेला की दोन संघ जिंकत राहिले आणि बाकीचे भेळ खात राहिले. घरी येताना मी नवऱ्यावर उगाचच खेकसले.

त्या आठवड्यात मला झोप लागेना. हे बंद पडलं तर आबा परत गच्चीवर. आणि मग एकदा भाजी निवडताना सुचलं. पुढच्या रविवारी मी फळ्यावरचं ‘जादा’ पुसलं आणि लिहिलं, ‘मानाच्या पिना’. जत्रेत मानाची काठी असते, बैलपोळ्याला मानाचा बैल असतो. मान नाकारायची आपल्याकडे रीत नाही.

झुंबड उडाली! तात्यांनी हात जोडून पिना स्वीकारल्या. कोऱ्हाळेकरांपैकी एक म्हणाला, "मी हितला जावई हाय, मला ह्याच्यापेक्षा कमी कशा?" शिट्टी संघातला एक जण तर चांगला खेळणारा, तोही वयाच्या मानानं मागायला लागला. मी फळ्यासमोर उभी राहून घसा फोडला, वयावर नाही, नात्यावर नाही, खेळावर! शेवटी पिना खेळावरच ठरल्या, पण नाव मात्र चिकटलं. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते. मान म्हटलं की माणसं काय काय करतात, हे मला कळायला हवं होतं.

आबांना सगळ्यात जास्त मानाच्या पिना होत्या. त्यांनी त्या एका शब्दानंही कुरकुर न करता घेतल्या. सुरुवातीला ते लहान मुलांसाठीची लोखंडी घसरगुंडी वापरायचे, तिच्यावर गोळा ठेवून नुसता ढकलायचा. दोन रविवार त्यांनी ते सोसलं. तिसऱ्या रविवारी घसरगुंडी पायानं बाजूला सारली. घरी गच्चीवर त्यांनी पाण्यानं भरलेल्या बाटल्या मांडल्या आणि देवासमोरचा नारळ उचलून आणला. नारळ काही सरळ जात नाही. शेंडीकडे वळतो, कुंडीवर आपटतो. आबा काठी टेकत जाऊन तो आणायचे, परत सोडायचे, परत आणायचे. टकटक आता थांबत थांबत यायची आणि मध्येच बाटली पडल्याचा आवाज. मी पोळी तव्यावर विसरून कान लावून उभी राहायचे. डॉक्टर म्हणाले, तोल बराच सुधारलाय, हे काय करताय ते चालू ठेवा.

कपबशी अंतिम सामन्याला पोचली. याचं श्रेय उंच मुलाला, पण दंतवैद्य बाईंचा गोळाही आता गटार सोडून चालायला लागला होता. समोर विमान. आबांनी भावाला फोन केला, "रविवारी ये. मी गोळा टाकतो ते बघ. बघ आन् मग ठरव." भाऊ म्हणाला, येतो. फोन ठेवून आबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरी, आता त्याच्या फुडं टाकला म्हंजी झालं." त्या दोन-तीन दिवसांत आम्ही बाप-लेक एकमेकांच्या वाटेत येत होतो, ते गच्चीवरून खाली, मी खालून गच्चीवर.

रविवारी भाऊ आला. हातात पिशवी होती. मला वाटलं, घरचा गूळ असेल.

सामना असा रंगला की मालकसुद्धा काउंटर सोडून आला. विमानाचे तिघं खेळून संपले. आमचा उंच मुलगा झाला, बाई झाल्या. शेवटची पाळी आबांची. मानाच्या पिना धरून बेरीज केली तर जिंकायला थोड्याच हव्या होत्या. आबांनी पहिला गोळा टाकला. निम्म्या पडल्या, पाच उभ्या राहिल्या. त्यातल्या चार पडल्या की कपबशी जिंकली. एक गोळा बाकी होता.

तेवढ्यात तात्या उठले आणि टाळी वाजवून म्हणाले, "थांबा, थांबा. आता कशापायी तानताय? आमचं मघाशी च्या पिताना बोलणं झालंय. आबांनी एवढ्या आजारातनं हितवर आणलं, हेच लई झालं. विमान माघार घेतंय. बिनविरोध करून टाकू!"

आमच्याकडे ही फार थोर गोष्ट समजतात. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, वडीलधारी कोपऱ्यात बसतात, कुणी माघार घेतं, कुणाला शाल मिळते, गावात वाकडेपणा येत नाही. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भावानं पिशवी उघडली. आत शाल होती, आणि नारळ. म्हणजे हेही आधीच ठरलं होतं. भावाचे डोळे भरून आले होते, तो अगदी मनापासून आबांच्या खांद्यावर शाल घालायला पुढं झाला. कुणी खुर्ची आणली. कुणीतरी म्हणालं, "आबा, बसा."

मला असा संताप आला की फळा उचलून आपटावा. मान, मान, मान! हे खूळ मीच यांच्या हातात दिलं होतं. मी तोंड उघडलं, पण आबांकडे बघून मिटलं. हे बोलणं माझं नव्हतं.

आबा उभेच होते. भावानं नारळ पुढं केला तो त्यांनी डाव्या हातात घेतला, जरा वर-खाली करून तोलला.

"ह्येनं लई सराव केला मी," ते म्हणाले. "सरळ जात न्हाय ह्यो." आणि नारळ खुर्चीवर ठेवला. त्यांच्यासाठी आणलेल्या खुर्चीवर.

"आबा, अवो मान हाय तुमचा," तात्या म्हणाले.

"मान मी घेतलाय की. पैल्या दिवसापास्नं घेतोय. त्यो घिऊन खेळता येत हुतं, म्हून घेतला. ही शाल घेतली की खेळ संपला, तात्या." मग ते माझ्याकडे वळले. "माझा गोळा कुठं हाय?"

मी गोळा आणून दिला. भाऊ शाल हातात धरून तसाच बाजूला झाला. आबांनी काठी माझ्याकडे दिली, कुणाचा आधार न घेता दोन पावलं टाकली, डावा हात मागं नेला आणि सोडला.

गोळा सरळ गेला. शेवटी शेवटी थोडा डावीकडे कलला. दोन पिना पडल्या. तीन उभ्या राहिल्या, आणि त्या तीन काही केल्या पडायचं नाव घेईनात. कपबशी हरली.

कुणाला काय करावं कळेना. टाळ्या वाजवाव्यात तर हरले आहेत, गप्प बसावं तर आजारी माणूस. दंतवैद्य बाईंनी तोंडावर हात ठेवला. आबा पट्टीच्या तोंडाशी पाठमोरे उभे होते, आणि त्यांची पाठ पाहून मला वाटलं, संपलं सगळं, आता हे गच्चीवरसुद्धा जायचे नाहीत.

आणि त्या शांततेत तात्यांचा आवाज फुटला.

"हरलास की लेका!"

आबा सावकाश वळले. आधी त्यांचा डावा गाल हलला, मग सगळा चेहरा, आणि ते हसायला लागले. खो खो हसले. तात्या पुढं आले, आबांच्या डाव्या दंडावर एक जोरदार गुद्दा हाणला आणि म्हणाले, "एवढी चांगली मॅच आयती देत हुतो, घ्यायाची सोडून हरलास! शाळंत असल्यापास्नं येडाच हाईस तू." आबांनीही त्यांना एक शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. मग कुठं टाळ्या सुरू झाल्या, आणि करंडक विमानानं नेला. तात्या तो डोक्यावर धरून जिन्यानं उतरले, अगदी गुलाल तेवढा कमी होता.

गाडी मी चालवत होते. आबा माझ्या शेजारी, भाऊ मागं, त्याच्या मांडीवर शाल आणि नारळ. रस्त्याला लागायच्या आधी मी थांबले. डावीकडे बारामती, घर. उजवीकडे सणसर.

"का हो आबा," भाऊ मागून म्हणाला, त्याचा आवाज दुखावलेला होता. "घेतली असती शाल तर काय बिघडलं असतं?"

"हरलो म्हून गावात सांगता येतंय," आबा म्हणाले. "आयती दिली म्हून काय सांगू?"

माझं बोट स्टिअरिंगवर टकटक करत होतं, ते मला कळतही नव्हतं. मागून उसाची एक ट्रॉली हॉर्न वाजवायला लागली.

"पाटावर जायाचं न्हाय हां," भाऊ म्हणाला.

"जाणार."

"पडाल."

"पडलो तर उठीन. न्हाय उठाय आलं तर तुला हाक मारीन. येशील का?"

ट्रॉलीवाला आता शिव्या द्यायला लागला होता. आरशात मला भावाचा चेहरा दिसला. त्यानं शालीची नीट घडी घातली, परत मोडली, परत घातली.

"अक्का," तो म्हणाला, "उजवीकडं घे."

मी वळवली. औषधं, कपडे, सगळं माझ्या घरी होतं, ते उद्या पाठवता आलं असतं. गावाबाहेर दोन्हीकडे ऊस सुरू झाला तसे आबा सीटवर पुढं सरकून बसले आणि एकटक बाहेर बघायला लागले. मला रडू येत होतं म्हणून मी गाडी हळू चालवत होते.

"जरा जोरात घे की, पोरी," आबा म्हणाले. "आज पाण्याची पाळी आपली हाय."

भाऊ मागं एकदम ताठ झाला. तो स्वतःच विसरला होता.